ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी शिक्षणतज्ज्ञ, लेखिका व संपादक होत्या. महाराष्ट्रात आणि गुजरातेत बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली, मुंबईत दादर येथे शिशुविहार काढले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ठाणे जिल्ह्यातील (सध्याचा पालघर जिल्हा) बोर्डी व कोसबाड येथे ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी या कल्पना त्यांच्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या कामातून पुढे आल्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

मूल मारावाचून, धाकावाचून व बक्षिसाच्या लालुचीवाचून शिकू शकते, आणि तसे शिकताना त्याचा अभ्यास कच्चा राहत नाही, ही ताराबाईंच्या कार्यामागील मूळ भूमिका होती. ही गोष्ट केवळ पैसेवाल्यांच्या मुलांपुरती खरी आहे की काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर पुढे उभा राहिला. त्यांच्या आयुष्याची शेवटची जवळपास तीन दशके या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेली.

बालपण व शिक्षण

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर व आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाचे होते. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाने एकेश्वरी उपासनेबरोबरच स्त्रीशिक्षण, जातिभेदाचा त्याग व विधवांचे पुनर्विवाह या सुधारणांचा पुरस्कार केला होता. मुलीने शाळेत जावे, पुढे महाविद्यालयातही जावे, ही गोष्ट त्यामुळे केळकरांच्या घरात जगावेगळी ठरली नाही. बाहेरच्या समाजात मात्र त्या काळी मुलींची शाळा सुटण्याचे वय आणि लग्नाचे वय बहुधा एकच असे.

१९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पदवीधर स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

अमरावतीतील वर्षे

१९१५ साली ताराबाईंचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला आणि त्या मुंबईहून वऱ्हाडात आल्या. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे वऱ्हाडचे चार जिल्हे त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत. कापसाच्या व्यापारामुळे अमरावती हे भरभराटीचे शहर होते. तेथील वकीलवर्गाचा राजकारणात व सार्वजनिक कामात पुढाकार असे.

हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. लहान मुलीची जबाबदारी ताराबाईंवर आली आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी नोकरी करणे भाग पडले. विभक्त स्त्रीकडे समाज संशयाने पाहत असे, तो हा काळ. त्यांची पदवी येथे उपयोगी पडली.

राजकोट : नव्या विचाराची ओळख

त्यानंतर ताराबाईंना राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी नेमण्यात आले. या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणे हे या संस्थेचे काम होते. प्राथमिक शाळा आतून कशी चालते, शिक्षिकेला काय शिकवले जाते आणि वर्गात गेल्यावर ती प्रत्यक्षात काय करते, हे त्यांना येथे जवळून पाहायला मिळाले.

त्या काळच्या प्राथमिक शाळेचा बराचसा भर पाठांतरावर होता. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे आणि पावकी-निमकी यांची परवचा म्हणायची, धडे तोंडपाठ करायचे आणि वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढे ते बिनचूक म्हणून दाखवायचे. शाळेची प्रतिष्ठा त्या एका दिवसावर अवलंबून असे. परीक्षेतील निकालावर अनुदान ठरवण्याची पद्धतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देशात राबवली गेली होती आणि तिची छाया पुढे बराच काळ शाळांवर राहिली. छडी हे शिक्षकाचे नेहमीचे साधन होते. या पद्धतीने मुले वाचायला व हिशेब करायला शिकत, यात शंका नाही. पण जी शिकत नसत ती शाळा सोडून जात आणि त्यांची गणती कोणी करत नसे.

राजकोटमध्ये असताना मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीची व गिजुभाई बधेका यांच्या भावनगर येथील प्रयोगाची माहिती ताराबाईंना झाली. माँटेसोरी या इटलीतील डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले होते. मुलाला शिकवण्यापेक्षा त्याला स्वतः शिकता येईल अशी परिस्थिती निर्माण करावी, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते.

भावनगर : दक्षिणामूर्ती

१९२३ साली प्राचार्यपदाची नोकरी सोडून ताराबाई भावनगरला गेल्या. तेथे नानाभाई भट्ट यांनी १९१० साली दक्षिणामूर्ती ही शिक्षणसंस्था स्थापन केली होती. गिजुभाई (१८८५–१९३९) मूळचे वकील. १९१६ साली ते दक्षिणामूर्तीत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना मिशाळ आई असे नाव पडले होते.

मराठी भाषक ताराबाईंनी येथे गुजराती आत्मसात केली. त्या भाषेत लेखन केले, बालवाङ्मयाच्या पुस्तिका संपादित केल्या आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. बालमंदिरात गाणी, गोष्टी, नाट्य, बागकाम, चित्रकला व हस्तव्यवसाय यांना अभ्यासाइतकेच स्थान होते. शिक्षा आणि बक्षीस ही दोन्ही टाळली जात. शिक्षेची भीती व बक्षिसाचा लोभ या दोहोंमुळे मुलाचे लक्ष कामावरून उडून मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे जाते, असा त्यामागचा विचार होता.

अशा शाळेविरुद्ध पालकांचा आक्षेप ठरलेला असे. मुले खेळतात, गातात, आनंदात असतात, हे सगळे ठीक. पण ती शिकतात काय? गिजुभाईंच्या दिवास्वप्न या गाजलेल्या पुस्तकाचा विषय हाच आहे. एक शिक्षक सरकारी प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग मागून घेतो, गोष्टी, खेळ व सहलींतून वर्षभर शिकवतो आणि वरिष्ठांच्या, सहशिक्षकांच्या व पालकांच्या शंकांना तोंड देतो, असे त्याचे कथानक आहे. वर्षअखेरच्या परीक्षेचा प्रश्न त्या शिक्षकालाही चुकवता येत नाही. ताराबाईंनाही तो पुढे प्रत्येक ठिकाणी भेटत राहिला.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा प्रचार, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि साहित्यनिर्मिती ही संघाची कामे होती. भावनगरमध्ये सुमारे नऊ वर्षे काम केल्यानंतर १९३२ च्या सुमारास ताराबाईंनी ते शहर सोडले.

शिक्षणपत्रिका

संघाच्या शिक्षणपत्रिका या मासिकाची मराठी आवृत्ती १९३३ पासून निघू लागली. तिचे संपादन ताराबाईंनी दीर्घकाळ केले. पत्रिकेचा वाचक शिक्षक तर होताच, त्याशिवाय आई-वडीलही होते. मूल जेवत नाही, हट्ट करते, खोटे बोलते, शाळेला जायला रडते, अशा घरोघरच्या तक्रारींचा त्यात विचार होत असे. मूल वाईट आहे असे मानण्याआधी मोठ्यांनी आपले वागणे तपासावे, ही दृष्टी या लेखनात सातत्याने आढळते. मराठीत बालमानसशास्त्राची भाषा रुळवण्यात या मासिकाचा मोठा वाटा आहे.

दादरचे शिशुविहार

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. बालमंदिराबरोबर शिक्षिकांना तयार करणारे अध्यापन मंदिरही त्यांनी चालवले. मराठी माध्यमातून माँटेसोरी पद्धतीचे शिक्षण देणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांमध्ये शिशुविहाराची गणना होते. सरकारी चाकोरीबाहेर राहून स्वतःचा अभ्यासक्रम व स्वतःची शिस्त ठरवणारी ही संस्था होती.

माँटेसोरी पद्धतीतील साधने खेळण्यांसारखी दिसली, तरी त्यांची आखणी काटेकोर असते. ठोकळ्यातील खाचांत कमीअधिक जाडीचे दट्टे बसवायचे असतात. एक दट्टा चुकला की शेवटी एक उरतो आणि चूक कोठे झाली हे मुलाला आपोआप कळते. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून अक्षराचे वळण हाताला बसते, त्यामुळे मूल वाचण्याआधी लिहू लागते. सुटा मणी, दहांची कांडी, शंभरांचा चौरस आणि हजारांचा घन हाताळल्यावर एकक, दशक, शतक हे नुसते शब्द राहत नाहीत.

शैक्षणिक दर्जा आणि व्यक्तिमत्त्वाचा विकास यांची सांगड या पद्धतीत कशी बसते, हे येथे स्पष्ट होते. नेहमीच्या शाळेत चूक शिक्षक दाखवतो, त्यामुळे दर्जा राखणे हे शिक्षकाचे काम होऊन बसते. येथे चूक साधनच दाखवते. मूल ती स्वतः दुरुस्त करते आणि काम नीट होईपर्यंत पुन्हा पुन्हा करते. एकाग्रता, नेटकेपणा, दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबण्याची सवय व स्वतःवरील विश्वास हे गुण या कामातूनच अंगी बाणतात. त्यांसाठी वेगळ्या उपदेशाचा तास ठेवावा लागत नाही. शिक्षिकेचे काम निरीक्षणाचे असते. प्रत्येक मूल कोठपर्यंत आले आहे याची नोंद ठेवून पुढचे साधन योग्य वेळी पुढे करणे हे कौशल्य, सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच धडा देण्यापेक्षा अवघड आहे. म्हणूनच ताराबाईंनी शाळा काढताना तिला जोडून अध्यापन मंदिर काढण्याचा आग्रह धरला.

या पद्धतीतील स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सोडणे, असा समज पालकांमध्ये होता. ताराबाईंनी त्याचे वारंवार निराकरण केले. साधन घेतले की ते जागेवर ठेवायचे, चटई अंथरली की ती गुंडाळायची, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही, हे नियम सर्वांना सारखे लागू असत. शिस्त बाहेरून लादण्याऐवजी कामातून उगवावी, असे त्यांचे मत होते.

खर्चाचा प्रश्न

माँटेसोरी पद्धतीवरचा एक आक्षेप ताराबाईंना दूर सारता येत नव्हता. साधने महाग होती. प्रशिक्षित शिक्षिका, प्रशस्त जागा व मर्यादित पटसंख्या यांमुळे अशा शाळा शहरातील सुस्थित घरांपुरत्या राहत. माँटेसोरी यांनी पहिले बालगृह गरीब वस्तीत उघडले होते. भारतात मात्र त्यांच्या नावाची शाळा ही श्रीमंतीची खूण ठरू पाहत होती.

याच सुमारास महात्मा गांधी यांनी बुनियादी शिक्षणाची योजना मांडली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा तयार केला. गावातील मुलांना मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षण द्यावे, असा त्या योजनेचा आशय होता. सात वर्षांखालील मुलांचे काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला आणि पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार सुरू झाला. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत आहेत, तेव्हा बालशिक्षणाची पद्धत खेड्यात सिद्ध व्हायला हवी, या निष्कर्षाप्रत ताराबाई आल्या. मुंबईत नाव झालेले असताना, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांनी नव्याने सुरुवात करण्याचे ठरवले.

बोर्डी : अंगणवाडीचा उगम

१९४५ सालच्या डिसेंबरात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. डहाणू तालुक्यातील हे समुद्रकाठचे गाव तेथील शिक्षणसंस्थेमुळे आधीच परिचित होते. केंद्रासाठी ताराबाईंना सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताई बालविधवा होत्या. जिद्दीने शिकून त्यांनी शिक्षिकेचा पेशा पत्करला होता. १९४५ मध्ये बोरिवली येथे भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात दोघींची गाठ पडली. ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे हे गुरुशिष्येचे सहकार्य टिकले.

बोर्डीत पहिली अडचण अभ्यासाची नव्हती. मुले बालवाडीत येतच नसत. आईबाप पहाटेच कामाला जात. मोठे भावंड धाकट्याला सांभाळी. शाळा ही आपली जागा नव्हे, अशी भावना दलित आणि आदिवासी वस्त्यांत खोलवर रुजलेली होती. तेव्हा मुलांना बोलावत बसण्याऐवजी शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. घराच्या अंगणात, झाडाखाली बालवाडी भरू लागली. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. मुलांची नखे कापणे, केस विंचरणे, आंघोळ घालणे, खरूज-नायटे यांवर औषध लावणे हा तेथील पहिला पाठ असे. त्यानंतर गाणी, गोष्टी व खेळ येत.

साधनांचा खर्च येथे नव्या तऱ्हेने सोडवण्यात आला. समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, निरनिराळ्या झाडांची पाने, फुले, बिया, खडे, मातीचे गोळे व बांबूच्या कांड्या यांपासून मोजणे, जुळवणे, लहानमोठे ओळखणे, रंग व स्पर्श यांचे भेद करणे यांची साधने तयार झाली. साधनामागचे शास्त्र तेच राहिले, फक्त लाकूडकाम करणाऱ्या कारखान्यावरचे अवलंबन संपले. गावातली बाई थोड्या प्रशिक्षणाने ही साधने स्वतः जमवू शकत होती, त्यामुळे ही पद्धत गावोगाव नेणे शक्य झाले.

याच काळात, १९४६ पासून काही वर्षे, ताराबाई मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. शिक्षणविषयक समित्यांवरही त्यांनी काम केले.

कोसबाड : विकासवाडी व कुरणशाळा

१९५७ साली हे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर हलवण्यात आले. आसपासची वस्ती प्रामुख्याने वारली या आदिवासी जमातीची होती. डहाणू-तलासरी भागात सावकार व जमीनदार यांची वेठबिगारी पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी तिच्याविरुद्ध लढा दिला. तो लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. अक्षरओळखीचा प्रश्न त्यानंतरही शिल्लक होता, कारण कर्जाच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे हे कळत नसे.

कोसबाडला ताराबाई व अनुताई यांनी शाळेचे जे रूप घडवले त्याला विकासवाडी असे नाव मिळाले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात असणे हा तिचा विशेष होता. प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुली शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेतल्यावर त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे साधे कारण पुढे आले होते. पाळणाघर जवळ असले की तान्हे तेथे राही, मधले बालवाडीत बसे आणि मोठी बहीण पहिली-दुसरीच्या वर्गात जाई. तीन स्वतंत्र खात्यांचे समजले जाणारे काम एका कुटुंबाच्या सोयीने जोडले गेले.

गुरे राखणाऱ्या मुलांची अडचण वेगळी होती. सकाळी ती रानात जात व संध्याकाळी परतत. त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत तास-दीड तास शिकवणे, हीच कुरणशाळा. दिवसभर मजुरी करणाऱ्या मोठ्या मुलांसाठी रात्रशाळा चालवण्यात आली.

प्राथमिक वर्गांत पाठ्यक्रम पूर्ण करायचा, पण त्याची वाट मुलांच्या परिचयाच्या जगातून काढायची, असे धोरण होते. वारली मुलांची घरची बोली आणि पुस्तकातील मराठी यांत बरेच अंतर होते. शहरी मुलाला चित्र पाहून ओळखता येणाऱ्या कित्येक वस्तू या मुलांनी पाहिलेल्या नसत. उलट रानातील झाडे, पक्षी, मासे व पावसाची चिन्हे यांचे त्यांचे ज्ञान शिक्षकांहून अधिक असे. त्या ज्ञानाला शाळेत जागा मिळाली की मूल बोलते होते, आणि बोलते झालेले मूल वाचायला शिकवणे सोपे जाते, असा अनुभव या शाळांनी दिला.

या कामाला मर्यादाही होत्या. निधीची चणचण कायम होती. हंगामी कामासाठी कुटुंबे स्थलांतर करत, तेव्हा मुले मध्येच शाळा सोडत. दूरच्या पाड्यावर टिकून राहणारा शिक्षक मिळणे कठीण असे. घडवलेल्या पद्धतीचा प्रसार पुढे सरकारी यंत्रणेतून झाला, परंतु प्रशिक्षणावर व निरीक्षणावर ताराबाईंनी दिलेला भर सर्वत्र टिकला नाही.

शैक्षणिक विचार

ताराबाईंनी आपल्या विचारांची बांधीव मीमांसा एका ग्रंथात मांडली नाही. ते विचार त्यांच्या लेखांतून व शाळांच्या रचनेतून दिसतात. त्यांचे मुख्य मुद्दे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

दर्जाची कसोटी : मूल किती आठवून सांगते यापेक्षा ते स्वतःच्या बळावर काय करू शकते, यावर शाळेचा दर्जा ठरवावा. वाचन, लेखन व गणित यांत पक्केपणा हवाच, पण तो कसा आला यालाही महत्त्व आहे. भीतीपोटी आलेले ज्ञान भीती गेल्यावर टिकत नाही.

पूर्वतयारी : प्राथमिक शाळेतील अपयशाची मुळे बहुधा पहिलीच्या आधीच्या वर्षांत असतात. इंद्रियांची, भाषेची व हाताची तयारी न झालेल्या मुलावर एकदम अक्षरे व अंक लादले की ते मागे पडते. पहिलीत नापास होणे हे मुलाच्या बुद्धीपेक्षा व्यवस्थेचे अपयश असते.

शिस्त : शिक्षा व बक्षीस दोन्ही मुलाला परावलंबी करतात. कामात रमलेल्या मुलाला बाहेरच्या शिस्तीची गरज फारशी पडत नाही.

पालकांचा सहभाग : शाळेत एक आणि घरी दुसरे, अशा दुटप्पी वागणुकीत मूल गोंधळते. म्हणून पालकशिक्षण हा बालशिक्षणाचा भाग आहे.

परिस्थितीशी जुळवून घेणे : कोणतीही पद्धत परदेशातून जशीच्या तशी आणता येत नाही. तिचे तत्त्व राखून साधने, वेळ व जागा स्थानिक जीवनाप्रमाणे बदलावी लागतात.

लेखन

ताराबाईंनी मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत विपुल लेखन केले. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त आणि बिचारी बालके ही त्यांची पालक-शिक्षकांसाठी लिहिलेली पुस्तके होत. नदीची गोष्ट हे त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक आहे. त्यांची भाषा साधी, घरगुती उदाहरणांची आहे. पारिभाषिक शब्दांचा सोस त्यांनी केला नाही.

मृत्यू व वारसा

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. कोसबाडचे काम त्यानंतर अनुताई वाघ यांनी जवळपास दोन दशके पुढे नेले. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्यांच्या कोसबाडच्या टेकडीवरून या आत्मकथनात ताराबाईंच्या सहवासाचे व त्या काळातील कामाचे तपशील वाचायला मिळतात. ताराबाईंच्या जीवनावर रत्नाकर मतकरी यांनी घर तिघांचं हवं हे नाटक लिहिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या वस्तीतील अंगणातून आलेला हा शब्द त्यामुळे देशभर सर्व भाषांत पोहोचला. सरकारी योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण ही कामे एकत्र आली. त्यांपैकी आहार व आरोग्य यांना अग्रक्रम मिळाला आणि शिक्षणाचा भाग अनेक ठिकाणी मागे पडला, अशी टीका होत आली आहे.

ताराबाई ज्या वऱ्हाडात काही वर्षे राहिल्या, तेथील आजच्या स्थितीतही त्यांच्या कामाची प्रस्तुतता दिसते. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस, पुसद, दारव्हा या कापसाच्या पट्ट्यात गावोगावी व बंजारा तांड्यांवर अंगणवाड्या आहेत. वेचणीच्या हंगामात आई शेतावर गेली की धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, हा प्रश्न येथील शाळकरी मुलीच्या हजेरीशी आजही जोडलेला आहे. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यामागे कोसबाडला हाच विचार होता.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह धरला. इयत्ता आठवीपर्यंत मुलाला नापास न करण्याच्या त्यातील तरतुदीवर दर्जा घसरल्याची टीका झाली. २०१९ मधील दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षांची वाट पुन्हा मोकळी केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ या वयोगटाचा पायाभूत स्तर मानून बालवाडी व पहिली-दुसरी एकत्र जोडण्यात आली. विकासवाडीच्या रचनेशी या स्तराचे साम्य स्पष्ट आहे.

परीक्षा असावी की नसावी, या वादात ताराबाईंच्या शाळांचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जाऊ शकतो. त्यांनी धाकाची परीक्षा नाकारली, पण प्रत्येक मुलाच्या प्रगतीची रोजची नोंद ठेवण्याचा आग्रह कधी सोडला नाही. परीक्षा काढून टाकणे सोपे असते. तिच्या जागी मुलाकडे रोज बारकाईने पाहणारा शिक्षक उभा करणे हे खरे अवघड काम, आणि ताराबाईंनी आपल्या आयुष्याची पन्नास वर्षे या कामासाठी वेचली.